पोट न फाडायचा मासा

लोखंडी घंटा टणटणली आणि धरणाच्या कोपऱ्यातलं पाणी आधणासारखं उसळायला लागलं. चिलापी मासेच मासे! पाठीवर पाठ, तोंडावर तोंड. काठावर जमलेली सगळी आगोकोपे वाडी "आले, आले!" म्हणून ओरडली. म्हाताऱ्या रडायलाच लागल्या.

नवल वाटणारच. दिवस कोरड्या वाऱ्याचे. पाणी पार मधल्या खोलात गेलेलं, बुडालेल्या झाडांचे शेंडे उघडे पडलेले, आणि सकाळभर जाळं ओढून हाती काय, तर बोटाएवढी चार पिल्लं. अशा दिवसांत टोग्बे डोत्से दर शुक्रवारी मासे हाका मारून बोलवत होता. टोग्बे म्हणजे आजोबा. वय पाहिलं तर पन्नाशीसुद्धा नव्हती, पण पांढरा झगा घातला की माणूस लवकर पिकतो.

"पाण्याखाली सात राजे आहेत," तो सांगत होता. "सहा झोपलेत. सातवा माझ्याशी बोलतो. काल म्हणाला, डोत्से, काठावरचं गवत बुडायच्या वेळेला यांची जाळी फाटेपर्यंत भरीन!"

"बाकीचे सहा कधी उठायचे?" गर्दीतून काफुईने विचारलं.

"आगाऊ बाया गप्प बसल्या की," तो म्हणाला. लोक खदखदून हसले.

काफुई मासे धुरीला लावून विकायची. भट्टीच्या धुराने तिचे डोळे कायमचे लाल, त्यामुळे ती रडतेय की रागावलीय हे नवऱ्यालासुद्धा कळत नसे. आज ती रागावली होती. नवरा फोली पुढच्या शुक्रवारी होडीचं इंजिन बाबाला वाहणार होता. सातव्या राजाने म्हणे इंजिनच मागितलं होतं.

"पाण्याखालच्या राजाला इंजिन कशाला?" घरी येताना ती म्हणाली. "पोहता येत नाही का त्याला?"

"सेनाची आई, तोंड आवर."

"अर्धं इंजिन माझ्या भट्टीतून आलंय, सेनाचे बाबा. ते गेलं की मधल्या खोलात वल्ही मारत जाणार तुम्ही? या गुडघ्यांनी?"

फोलीने मागे वळून उघड्या पडलेल्या शेंड्यांकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "दोन वर्षं पाणी उशिरा चढलं. यंदा चढलंच नाही तर?"



बाबाने फोलीला प्रसादाचा एक मासा दिला होता. अट एकच. पोट फाडायचं नाही, अख्खाच उंबरठ्याखाली पुरायचा. पोट फाडलं की बरकत उडते. अर्ध्या वाडीने असे मासे पुरले होते. वाडीत शिरताना नाक धरावं लागे, आणि कुत्री भक्तिभावाने उंबरठे उकरत.

फोली फावडं आणायला गेला. काफुईने मासा उचलला आणि थबकली. मासा गुबगुबीत होता. या दिवसांतली चिलापी म्हणजे डोकं मोठं आणि अंग पापुद्र्यासारखं. हिला एवढं खायला कुणी घातलं? शिवाय मासा फाडू नकोस असं जन्मात तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने सुरी घेतली.

"अगं, काय केलंस हे!" फोली दारातच ओरडला.

"ओरडू नका. बोट घालून बघा."

पोटात पिवळसर, दाणेदार लगदा ठासून भरला होता. फोलीने वास घेतला. "मक्याचा कोंडा?"

"राजांनी गिरणी टाकलेली दिसतेय."

बाजाराच्या दिवशी काफुई खऱ्या गिरणीवर गेली. तिला सगळे दावी म्हणत, म्हणजे ताई. गिरणीवाली म्हणाली, "दावी, टोग्बेचा चेला नेतो ना कोंडा. पोत्यानं नेतो. शेळ्यांसाठी."

"त्याच्या शेळ्या कुठायत?"

"मी काय विचारू? असतील पाण्याखाली."

शुक्रवारी गर्दी जमली. फोलीही आला, इंजिन खांद्यावर घेऊन. कोंडा पाहूनही त्याची भीती गेली नव्हती. बाबा खोपटात झगा चढवत होता. तेवढ्यात काफुई काठावर गेली आणि ढोलवाल्यांकडून मागून आणलेली घंटा तिने टणटणवली.

पाणी उसळलं.

"दावीशी राजा बोलला!" कुणीतरी कापऱ्या आवाजात म्हणालं.

"राजा नाही, गिरणीवाली बोलली," काफुई म्हणाली. "हा कोपरा पवित्र, इथे जाळं टाकायचं नाही. टोग्बे रोज संध्याकाळी इथे एकटा तप करणार, आणि जो बघेल तो आंधळा होणार. असंच आहे ना? तप कसलं? घंटा वाजवायची आणि कोंडा टाकायचा. माझ्या कोंबड्याही डबा वाजला की धावत येतात. मी त्यांची राणी झाले का?"

बाबा झगा सावरत धावत आला. "शक्ती माझीच! हिच्यातून नुसती वाहिली!"

"मग वाहू दे अजून. पलीकडच्या काठाला चला. तिथे कोंडा पडलेला नाही. एक मासा जरी वर आला तरी इंजिन घ्या आणि माझी भट्टीही घ्या."

बाबा मागे सरायला बघत होता, पण मागून गर्दी ढकलत होती. पलीकडे तो घंटा वाजवत राहिला. हात भरून आला. एक बगळा तेवढा कंटाळून उडाला.

"इथलं पाणी पापी आहे!" शेवटी तो म्हणाला.

"टोग्बे, धरण एकच आहे," फोली म्हणाला. त्याने खांदा बदलला आणि इंजिन घेऊन घराकडे चालू लागला.

नदी जिथून येते त्या वरच्या देशात पाऊस झाला. पाणी चढलं, उशिरा चढलं, पण चढलं. काठावरचं गवत बुडालं आणि अंडी घालायला मासे त्यात शिरले. चिलापी आली, मांगूर आला, वर्षभर न दिसलेले कितीतरी प्रकार आले. दरवर्षी येतात तसेच, घंटेवाचून. बाबाने गवत बुडायचा वायदा का केला होता, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

घाबरलेल्या माणसाला कुणीही फसवतं, त्यात लाज नाही. पण घाबरलात तरी तपासून बघा, दुसऱ्या काठावर जाऊन बघा. आणि पोट फाडू नका असं कुणी बजावलं, की आधी सुरी मागा.