अंड्यांवर आलेला आळ

“हे पण ठेव,” म्हणत काकांनी पडद्याआडून वाटी पुढे केली. वाटीत अंड्यांचे पिवळे बलक एकमेकांना टेकून बसले होते.

काकूंनी वाटी घेतली, पण त्या लगेच वळल्या नाहीत. सकाळपासूनची ही तिसरी वाटी. “अजून धरत नाही का?”

“कसं धरेल? अंड्यांत दमच नाही. पांढरं नुसतं पाणी सुटतंय.” काका आतूनच बोलले. हल्ली काम करताना ते पडदा लावून घेत.

गल्लीत त्यांना सगळे बाइंडरकाका म्हणत, म्हणून त्या बाइंडरकाकू. घराची पुढची खोली हाच कारखाना. पुस्तकाच्या कातडी पाठीवर सोन्याची अक्षरं उठवायची तर आधी अंड्याचं पांढरं फेसून, मुरवून, गाळून कातड्यावर फिरवावं लागतं. त्यावर सोन्याचा वर्ख, आणि वर्खावर तापवलेला पितळी ठसा. उष्णतेनं पांढरं शिजतं आणि सोन्याला कायमचं धरून ठेवतं. मागे उरतं ते पिवळं. अन्न टाकवत नाही म्हणून काकूंनी लग्नानंतर लवकरच त्या पिवळ्याचा केक करायला घेतला होता. सोन्याचं काम निघालं की घरात केक, हे त्यांच्या लेकीला बाराखडीच्या आधी कळलं होतं.

आता सोन्याचं काम क्वचितच येई. लोक मशीनवर चमकीची अक्षरं छापून घेत. या खेपेचं काम मात्र लेकीचंच होतं. तिचा प्रबंध पुरा झाला होता आणि तो उद्या द्यायचा होता. आज संध्याकाळी ती न्यायला येणार होती. “मशीनची अक्षरं नकोत हं बाबा, तुमच्या हातची हवीत,” असं तिनं फोनवर बजावलं होतं. फोन ठेवून काका बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. काकूंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

असं न पाहणं काही महिने चाललं होतं. सदऱ्याची वरची गुंडी उघडी राहू लागली तेव्हा त्या म्हणाल्या, उकडतंच आहे. काकांचा चहाचा कप त्या अर्धाच भरू लागल्या. “काटकसर चाललीय वाटतं,” काका म्हणत. “गार होतो हो, दोनदा देते,” त्या म्हणत. दोघांचंही तेवढ्यावर भागत होतं.

केर काढताना मेजाखाली कातड्याचे तुकडे सापडले. काका आधी टाकाऊ कातड्यावर ठसा उठवून बघत. बरा आला की मगच पुस्तकाला हात लावत. काकूंनी एक तुकडा खिडकीशी धरला. सोनं लख्ख चिकटलेलं होतं, कुठे म्हणून सुटलेलं नव्हतं. फक्त प्रत्येक अक्षर दोनदा उठलं होतं. शेजारी त्याची सावली पडावी तसं.

त्यांनी तुकडा केरातच खाली सारला.

“अगं, ऐकलंस का?” पडद्याआडून आवाज आला. “त्या अंडेवालीला चांगलं खडसाव जाऊन. आणि ताजी आण.”

काकूंना कुणाला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. पिशवी घेऊन जाताना वाटभर त्या शब्द जुळवत होत्या. दुकानासमोर उभं राहिल्यावर एवढंच निघालं, “कालची अंडी जरा... शिळी होती का गं?”

“शिळी?” अंडेवालीनं पदर खोचला. “काकू, तुम्ही म्हणताय म्हणून ऐकून घेते. दुसरं कुणी असतं तर टोपली डोक्यावर उपडी केली असती!” तिनं टोपलीतली दोन अंडी बादलीत सोडली. ती टुपकन तळाशी गेली आणि आडवी पडून राहिली. “बघा. शिळं अंडं तळाशी असं आडवं पडत नाही. काय, केक फुगेना का?”

“केकचं नाही. ह्यांच्या कामाचं. सोनं धरत नाही म्हणतात.”

“सोनं चिकटवायला माझी अंडी? मग मालकांना म्हणावं, सोन्याची अंडी देणारी कोंबडीच पाळा!” ती खदखदून हसली. “नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत झाली की हो!”

तिनं थट्टाच केली होती. पण काकूंचा हात पिशवीच्या बंदाला घट्ट धरून राहिला. “मीच नीट ठेवली नसतील,” त्या हळूच म्हणाल्या आणि अंडी घेऊन निघाल्या.

नवी अंडीही फेसून झाली. पडद्याआड ठसा ठेवल्याचा आवाज, मग शांतता, मग कातडं चुरगाळल्याचा आवाज. दुपार कलली. काकूंनी ओव्हन तापत ठेवला आणि बलकांत साखर घालून घोटायला घेतलं. हात कामात असला की मन जाग्यावर राहतं असा त्यांचा अनुभव. आज तेही राहीना. घोटता घोटता त्या देवाचं नाव घेत होत्या आणि नाव मध्येच तुटत होतं. लेक येईल. कोरी पाठ बघेल. विचारेल. मग हे काय सांगतील?

मिश्रण फिकट झालं, डाव उचलला की फितीसारखं पडू लागलं. कोमट दूध, लोणी, चाळलेला मैदा, लिंबाची किसलेली साल. नुसत्या पिवळ्याचा केक आपला आपण फुगत नाही. त्याला बेकिंग पावडर लागतेच. काकूंनी डबा उघडला, चमचा भरला आणि तो तसाच हातात राहिला.

केक फुगला तर? टम्म, सोनेरी, नेहमीसारखा फुगला, तर अंडी निर्दोष सुटतील. मग आळ कुणावर जाईल?

त्यांनी चमचा डब्यात उपडा केला आणि झाकण लावलं. अन्नाशी अशी लबाडी त्यांनी जन्मात केली नव्हती. भांडं ओव्हनमध्ये सारताना त्या देवाला म्हणाल्या, “एवढं पोटात घाल.”

केक विटेसारखा झाला. मध्ये खोल बसलेला. त्यातल्या त्यात बरा तुकडा कापून त्या पडद्यापाशी गेल्या. “बघा ना, काय झालंय. तुम्ही म्हणत होता तेच खरं. अंडीच बरोबर नाहीत.”

काका बाहेर आले. तुकड्याकडे बघून त्यांचा चेहरा सैल झाला, ताप उतरलेल्या माणसासारखा. “म्हटलं नव्हतं मी?” त्यांनी घास घेतला. चावला. आणखी चावला. मग चावायचे थांबले.

“पावडर घातली नाहीस.”

“घातली की. म्हणजे... विसरले असेन.”

“तू?” काका म्हणाले. “लेक तापानं फणफणली होती तेव्हा नाही विसरलीस. भाऊ गेल्याची तार आली त्या दिवशी नाही विसरलीस.”

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. काका खुर्चीवर बसले. उरलेला तुकडा त्यांनी टाकला नाही. सगळा खाल्ला, बशीतला चुरासुद्धा बोटानं टिपला. मग म्हणाले, “कपाटात कालचं पहिलं पांढरं आहे. रात्रभर मुरलेलं. ते काढ.”

“ते खराब होतं ना?”

“चांगलं होतं,” काका म्हणाले. बोटं पुसून म्हणाले, “सगळीच अंडी चांगली होती.”

काकूंनी मान हलवली. दोघांपैकी कुणीच हाताचं नाव काढलं नाही.

काकांनी पडदा पूर्ण बाजूला सारला. प्रबंध चिमट्यात उभा होता, पाठ वर करून, कोरा. “ये इकडे. बस.”

“मी? अहो, काहीतरीच! लेकीचं पुस्तक आहे. बिघडलं तर?”

“इतकी वर्षं अंडी फोडतेस. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब कधी पडलाय? पडला असता तर माझं सोनं धरलंच नसतं. तो हात आण.”

काका सांगत गेले. ठसा तापला की ओल्या फडक्यावर टेकव. मोठा चर्र आला तर थांब, बारीक आला की घे. श्वास सोड. सरळ खाली. ढकलू नकोस, ठेव. आता उचल. काकूंच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण हात हलत नव्हता. लेकीच्या नावाचं पहिलं अक्षर उठलं तेव्हा त्यांनी काकांकडे बघितलं. काका अक्षराकडे बघत नव्हते. ते काकूंच्या बोटांतल्या ठशाकडे बघत होते. त्याची लाकडी मूठ काकांच्या तळव्याच्या आकारात झिजलेली होती.

शेवटचं अक्षर झालं तेव्हा दारात चपला वाजल्या.

लेक आली ती थेट मेजाकडे. प्रबंध उचलून तिनं नावावरून अंगठा फिरवला. “बाबा! किती सुंदर!” मग जरा वाकून पाहिलं. “हे एक किंचित कललंय का? तुमचं कधी कलत नाही.”

काकूंनी तोंड उघडलं, त्याआधी काका म्हणाले, “अंडी बरोबर नव्हती.”

“हो गं,” काकू घाईनं म्हणाल्या. “केकसुद्धा बघ ना कसा बसलाय.”

लेकीनं केककडे बघितलं, आईच्या बोटावरच्या सोन्याच्या कणांकडे बघितलं, आणि मग बाबांकडे. काकांनी उजवा हात मेजावर उघडा ठेवला होता. तो हलत होता. त्यांनी तो मांडीवर घेतला नाही.

“चहा मी करते,” म्हणत लेक आत गेली. तिला बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा डोळे धुतल्यासारखे दिसत होते. तिनं आईला कप दिला, स्वतःचा घेतला. बाबांचा कप त्यांच्यासमोर ठेवला. तो अर्धाच भरलेला होता.