धनसिंगने माफ केल्याची बातमी

शाळेचा क्लार्क राजेंद्र याने माईक हातात घेतला तेव्हा धनसिंग फाटकाजवळ एका बकरीशी वाद घालत होता. दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार. त्यासाठी शिंदीच्या ताज्या झावळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि गावातली एक बकरी वाढलेल्या ताटाकडे पाहावं तशी त्यांच्याकडे पाहत होती. उपवासकाळ शाळेला होता, बकरीला नव्हता.

"मला माफी मागायची आहे," राजेंद्र म्हणाला, "आपल्या धनसिंगभाऊंची."

धनसिंगने मान वळवली. तेवढ्यात बकरीने एक झावळी ओढली.

तोरणमाळच्या रस्त्याला, घाट सुरू व्हायच्या थोडं अलीकडे ही मिशनची शाळा. सिस्टर रिना तिथे यंदाच मुख्याध्यापिका म्हणून आल्या होत्या. मध्ये नाशिकला एक शिबिर झालं आणि त्या येताना सलोखा सप्ताह घेऊन आल्या. ईस्टरच्या आधीच्या दिवसांत नुसतं मटण सोडून भागत नाही, मनातलं किल्मिषही सोडायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्याला कुणी हरकत घेतली नाही. स्टाफमधल्या बऱ्याच जणांना मटणापेक्षा किल्मिष सोडणं सोपं वाटलं.

रीत अशी ठरली. रोज प्रार्थनेनंतर एकाने पुढे यायचं, सगळ्या शाळेसमोर कुणा एकाची माफी मागायची. समोरच्याने माफ करायचं. दोघांनी गळाभेट घ्यायची आणि कॉम्प्युटरच्या स्वप्नाली मॅडमनी तिचा फोटो काढून 'शाळेच्या बातम्या' म्हणून पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. सोमवारी पीटीच्या चंदन सरांनी संगीताच्या बाईंची माफी मागितली, कारण सावलीतल्या एकुलत्या एका जागेत ते वर्षभर आपली मोटारसायकल लावत होते. मंगळवारी होस्टेलच्या कौसाबाईंनी भरत ड्रायव्हरला पातळ डाळ वाढल्याबद्दल माफी मागितली. बुधवारी त्याला पुन्हा पातळच डाळ मिळाली, पण आता ती माफ झालेली होती. एका सरांनी 'कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर' अशी सुरुवात केली, तेव्हा सिस्टरांनी त्यांना खाली बसवलं. "नाव घ्या, सर. मोघम माफी देवापर्यंत पोचत नाही."

राजेंद्रची पाळी शनिवारी आली आणि त्याने नाव घेतलं.

"आठ वर्षांपूर्वी धनसिंगभाऊ आपल्या बसचे ड्रायव्हर होते," राजेंद्र बोलत होता. एरवी तो अहिराणी बोले, पण माईक हातात आला की शाळेत सगळेच पुस्तकातलं मराठी बोलत. "होळीच्या दुसऱ्या दिवशी ते दारू पिऊन गाडीवर आले, असं मी तेव्हाच्या फादरना सांगितलं. मी फक्त त्यांचे लाल डोळे पाहिले होते. शहानिशा केली नाही. त्यांच्या हातून गाडी गेली. हे ओझं मी आठ वर्षं वाहतो आहे."

ओझं म्हणताना त्याने एक खांदा थोडा खालीही केला. पुढच्या रांगेतल्या दोन मॅडमनी पदर डोळ्यांना लावला.

धनसिंगच्या हातातली काठी तशीच वर राहिली.

त्याचे डोळे त्या दिवशी लाल होते, ही गोष्ट खरी. होळीची अख्खी रात्र तो अंगाला राख फासून, कमरेला घुंगरं बांधून वरच्या पाड्यावर नाचला होता. मुलगी दवाखान्यातून जिवंत घरी यावी म्हणून बोललेला नवस होता. नवस धरलेल्या माणसाने खाटेवर बसायचं नाही, पायात वहाण घालायची नाही आणि त्यांच्या घराण्यात दारूला बोटही लावायचं नाही. एरवी वर्षातून चार वेळा घेणारा धनसिंग त्या महिन्यात ठार कोरडा होता. पहाटे होळीच्या धुरातून थेट खाली येऊन गाडीवर बसला, तेव्हा कानामागे राखसुद्धा राहिली होती. दारूचा आळ घ्यायला अख्ख्या वर्षात याहून वाईट दिवस राजेंद्रला सापडला नसता. तो खाली कळसाडीच्या शेतकरी घरातला माणूस, त्याला वरच्या पाड्यावरचे नियम ठाऊक नव्हते.

फादरांनी विचारलं होतं, "घेतलीस?"

"नाही, फादर."

"मला विश्वासातल्या माणसाने सांगितलंय."

संपलं. बसची किल्ली टेबलावर राहिली आणि धनसिंग फाटकावर आला.

त्यात गाडी गेली, पगार थोडा कमी झाला. ते त्याने सोसलं होतं. पण कोण हा विश्वासातला माणूस, हे धनसिंगला आठ वर्षं पक्कं ठाऊक होतं. तो होता जामसिंग. होस्टेलचा स्वयंपाकी आणि धनसिंगचा सख्खा मेहुणा, बायको रूपलीबाईचा भाऊ. होळीच्या आदल्या दिवशी दोघांची बकऱ्यावरून बोलाचाली झाली होती आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जामसिंग फादरांच्या ऑफिसातून बाहेर पडताना दिसला होता. तो म्हणे रजा मागायला गेला होता. धनसिंगने त्याच्याशी बोलणं टाकलं. जामसिंगने दोनदा समजवायचा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला नाही. स्वयंपाकघर सोडून तो ऊसतोडीला बारडोलीकडे जायला लागला आणि गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तिकडेच तापाने गेला. त्याला घेऊन जीप घाटाकडे निघाली ती शाळेवरूनच. धनसिंग तेव्हा फाटकाच्या बिजागरीला तेल देत होता. तो तेल देत राहिला. मातीला रूपलीबाई एकटी गेली.

आणि जामसिंगचं नाव धनसिंगला सांगितलं कुणी? किल्ली गेली त्याच संध्याकाळी, नाक्यावरच्या टपरीत स्वतःच्या पैशाने चहा पाजून, खांद्यावर हात ठेवून, याच राजेंद्रने सांगितलं होतं. माईकवर मात्र हे आलं नाही. माईक केव्हाच सिस्टरांकडे परत गेला होता.

"धनसिंगमामा, या ना पुढे," सिस्टर रिना म्हणाल्या. बाई मनाने साध्या होत्या आणि त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. आठवडाभर डाळ आणि पार्किंग ऐकल्यावर त्यांना पहिल्यांदा एक खरंखुरं पाप मिळालं होतं. "बोला. मन मोकळं करा."

धनसिंग काठीसकट पुढे गेला. माईक तोंडाशी आला. शेवटच्या रांगेत भरत ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. हा राजेंद्रच्या बहिणीचा मुलगा. धनसिंगची किल्ली गेली त्यानंतर महिन्याभरात तो गाडीवर आला, आणि याच मैदानावर बस रिव्हर्स घ्यायला त्याला शिकवलं होतं धनसिंगनेच.

"सिस्टर," धनसिंग म्हणाला, "पोरं उन्हात बसलीत. सोडा त्यांना."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. केवढं मोठं मन! स्वतःचं दुःख बाजूला ठेवून लेकरांची काळजी! राजेंद्रने पुढे होऊन त्याला मिठी मारली. स्वप्नाली मॅडम म्हणाल्या, "सर, थोडं डावीकडे," म्हणून त्याने ती पुन्हा मारली.

दुपारी भरत फाटकाशी आला. काही बोलावं म्हणून आला असावा, पण बोलायला जमेना, तेव्हा त्याने मोबाईल पुढे केला. "मामा, तुम्हनी बातमी उनी." आणि वाचून दाखवली. आठ वर्षांचा दुरावा संपला. उपवासकाळात क्षमेचा विजय. आमच्या धनसिंगमामांनी अश्रूभरल्या डोळ्यांनी आपल्या मित्राला माफ केले.

धनसिंग उठला आणि थेट कॉम्प्युटरच्या खोलीत गेला.

"मॅडम, माझे डोळे कोरडे होते."

"मामा, फोटो लांबून आहे, तेवढं दिसत नाही," स्वप्नाली मॅडम गोड आवाजात म्हणाल्या.

"आणि मी माफ केलं, असं कधी म्हणालो?"

त्या विचारात पडल्या. बाकीचा स्टाफ बिनबोभाट माफ करत आला होता, तेव्हा हा प्रश्न बातमी लिहिताना त्यांना पडलाच नव्हता. "पण मामा, किती लोकांनी हात जोडलेत बातमीला. खुद्द संस्थेच्या मोठ्या फादरांनीसुद्धा. आता कसं बदलू?"

तिथून तो ऑफिसात गेला. राजेंद्र पंख्याखाली बसला होता आणि खरोखरच हलका दिसत होता. दाढी करून आलेल्या माणसासारखा.

"ये ये, धनसिंगभाऊ. बठ. चाय सांगू का?"

"चाय नको. मागली चाय अजून पचनी नही. राजेंद्र, तू सम्दं सांगं नही."

"काय ऱ्हायनं?"

"जामसिंग."

राजेंद्रने उठून दार लोटलं. "हळू बोल ना, भो."

"सकायले ते माईकवर बोलना तू. आते हळू कसाले? मन्हा मेहुनानं नाव माले कोनी सांगं व्हतं?"

"अरे, तू इचारी ऱ्हायंता, कोन कोन म्हनी. मी घाबरी गयथू. तोंडमा जे नाव उनं ते सांगी टाकं."

"मंग आज का नही सांगं?"

"सिस्टरना नियम शे ना," राजेंद्र म्हणाला, आणि तो अगदी मनापासून म्हणत होता. "एक मानूस, एक चूक. दोन मिनिट टाइम."

धनसिंगने त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षांची ओळख. ह्याच्या लग्नाचं वऱ्हाड त्याने शाळेच्या बसमधून नेलं होतं. ह्याच्या आईला नंदुरबारच्या दवाखान्यात नेताना गाडी अशी चालवली होती की म्हातारी वाटेत झोपून गेली. ज्या माणसावर आपण आठ वर्षं दात ठेवला तो निर्दोष, आणि ज्याच्या खांद्याला खांदा लावून आठ वर्षं टपरीत बसलो तो हा.

"तो ते मरी गया आते," राजेंद्र समजुतीने म्हणाला. "त्यानी माफी कशी मांगू? जाऊ दे. मन्हं मन मोकळं व्हयनं, तू बी मोकळा व्हय."

"तुन्हं ओझं तू उतारं," धनसिंग म्हणाला. "कोठे उतारं, ते देखं का?"

राजेंद्रने खरंच टेबलाकडे पाहिलं. धनसिंग दार उघडून निघाला.

घरी रूपलीबाई तूर पाखडत होती. घरात दोघं आपल्या पावरी बोलीतच बोलत, आणि हल्ली तेही कामापुरतंच. धनसिंग भुईवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. माईक, मिठी, बातमी, आणि शेवटी टपरीतला चहा. सुपाचा आवाज एकदाही थांबला नाही. सांगून संपलं तेव्हाच तिने सूप खाली ठेवलं.

"पहिल्या वर्षी मी किती वेळा सांगितलं, माझा भाऊ तसा नाही म्हणून?"

"सांगितलंस."

"तू काय म्हणालास?"

तो काय म्हणाला होता ते दोघांनाही पाठ होतं.

"तिरडीला खांदा द्यायला घरचा माणूस कमी पडला," रूपलीबाई म्हणाली. "फुलीवहिनीच्या शेजाऱ्याने दिला. परका माणूस."

सकाळी आपल्याकडे कुणी माफी मागत होतं तेव्हा त्या माणसाला किती सोपं गेलं, हे धनसिंगला आठवत होतं. त्याचं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. इथे टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

"मी काय करू?" त्याने शेवटी विचारलं.

"मला काय विचारतोस? फुलीला विचार."

"तू चल ना बरोबर."

"मी तेव्हाच जाऊन आले," ती म्हणाली आणि सूप पुन्हा उचललं. "आता तू जा."

रविवारी सकाळी शाळेचं फाटक राजेंद्र क्लार्कला उघडावं लागलं. झावळ्यांची मिरवणूक जरा उशिरा निघाली. 'शाळेच्या बातम्यां'त त्याचा उल्लेख आला नाही.

धनसिंग तेव्हा घाटातून वर चालत होता. जामसिंगच्या बायकोचा, फुलीबाईचा पाडा रस्ता सोडून आत, चढाच्या टोकाला. ती अंगणातच होती. पावसाआधी छप्पर चाळायचं म्हणून तिने एका बाजूची कौलं उतरवून भिंतीशी रचली होती आणि आता एकटीच शिडी लावून, दोन-दोन कौलं हातात घेऊन वर चढत-उतरत होती. तिने धनसिंगला लांबूनच पाहिलं होतं. तो अंगणात आला तरी ती ये म्हणाली नाही आणि जा म्हणाली नाही.

"फुली," तो म्हणाला. "जामसिंग नव्हता तो."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"मला काल कळलं."

ती कौलावरची माती बोटाने खरवडत राहिली. धनसिंग चढाने धापत होता. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं खालीच कुठेतरी राहिलं होतं. त्याने वहाणा काढल्या. उपरणं डोक्याला घट्ट बांधलं, शिडी चढला आणि उघड्या वाशांवर पाय रोवून बसला. घर बुटकं होतं. वळचणीवरून वाकलं की हात जवळजवळ फुलीबाईच्या खांद्यापर्यंत पोचत होता.

त्याने हात खाली केला.

खालून काही आलं नाही. समोरच्या डोंगरावर ऊन चढत गेलं, कुणाची तरी कोंबडी रचलेल्या कौलांवर चढून उतरली. त्याने खाली पाहिलं नाही आणि हातही मागे घेतला नाही. खांदा भरून आला.

मग तळहाताला कौल टेकलं. उन्हाने तापलेलं होतं.

धनसिंगने ते रांगेत नीट बसवलं आणि पुन्हा हात खाली केला.