निळा पलंग

छकुली आईपेक्षा वीतभर उंच झाली, तरी घरात ती छकुलीच राहिली. जन्मापासूनच तिच्या यकृताला एक काम जमत नव्हतं, आणि तेवढ्यावरून कावीळ कायमची तिच्या मागे लागली होती. अंगात साचणारं पिवळं विष निळ्या प्रकाशाने फुटून बाहेर पडायचं, म्हणून ती रोज रात्रभर निळ्या ट्यूबांखाली झोपायची. फार साचलं तर ते मेंदूत शिरेल, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावून ठेवलं होतं.

बाप पेशाने वायरमन. दवाखान्यातून आणलेली निळ्या दिव्यांची पेटी तिला अपुरी पडू लागली तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने पलंग बनवला. मधे जाळी, वर-खाली ट्यूबा, उशाशी पंखा. आल्यागेल्याला तो पलंग दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पाहुणा चपला घालू लागला तरी याचं पुराण चालूच. बायको म्हणायची, लेकीचं कौतुक याच्या निम्म्याने केलंत तरी पुरे. थट्टाच होती ती, पण नुसती थट्टा नव्हती.

अलीकडे डॉक्टरीणबाई यकृत बदलण्याविषयी बोलू लागल्या होत्या. वायरमनला तो विषयच नको असायचा. धडधाकट दिसणारी पोर टेबलावर झोपवायची आणि पोट फाडू द्यायचं? तो हो ला हो करायचा आणि घरी येऊन आणखी दोन ट्यूबा चढवायचा.

सकाळी छकुलीला खिडकीशी उभं करून तिचे डोळे बघायचे, हा घरातला जुना नेम. तो आईचा. पण आईला तिच्या आजारी बहिणीकडे जाऊन राहावं लागलं आणि काम वायरमनवर आलं. छकुलीची परीक्षा तोंडावर होती. ती म्हणाली, मी पलंगावरच वाचत पडते, तुम्ही इथेच बघा. त्याने वाकून पाहिलं. डोळे स्वच्छ. रोज पाहिलं, रोज स्वच्छ. दिवसा तो कामावर, परतायचा तेव्हा ती पुन्हा ट्यूबांखाली. नव्या ट्यूबांनी कमाल केली, असं त्याने बायकोला फोनवर सांगितलं, आणि त्याला मनापासून आनंद झाला होता.

निळ्या उजेडात पिवळं दिसत नाही. सारा जन्म दिव्यांत घालवलेल्या माणसाच्या हे डोक्यात येऊ नये, याला काय म्हणावं!

आई भर दुपारी परतली. छकुलीने दार उघडलं आणि आईने पिशवी तिथेच टाकली. पोरीचे डोळे हळदीसारखे झाले होते. तशीच ती लेकीला घेऊन दवाखान्यात निघाली. निरोप मिळताच वायरमन कामावरून मागोमाग धावला.

विष मेंदूच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. रक्त गाळून ते कसंबसं खाली आणलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, वयाबरोबर कातडी जाड होते, अंग वाढतं, मग प्रकाश पुरा पडत नाही. आणि त्या रिपोर्ट आणायला गेल्या. वायरमन खाटेशी बसून राहिला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटत होतं. तरी तोंडून निघालं ते भलतंच. जास्त ताकदीच्या ट्यूबा मिळतात, तो म्हणाला, घरी गेल्यावर सगळ्या बदलून टाकू.

"बाबा, मला आधीच कळलं होतं," छकुली म्हणाली. "शाळेतल्या आरशात दिसलं होतं. म्हणून तर पलंगावरच बघा म्हटलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होतात."

त्याला मान वर करवेना. आई खिडकीकडे तोंड करून रडत होती.

"पलंग खूप छान केलाय तुम्ही," छकुली हळूच म्हणाली. "पण मला त्यातून उठायचंय, बाबा."

डॉक्टरीणबाई आत आल्या तेव्हा त्याने त्यांना बसूही दिलं नाही. बाही कोपरापर्यंत सारून त्याने हात पुढे केला.

"माझ्या यकृताचा तुकडा तिला चालेल का, ते आधी बघा. आजच बघा."