उत्तररंगातला गहिवर

जयवंतराव कीर्तनाला उभे राहिले की मोहनाबाई त्यांच्या मागे पेटीवर बसत. लग्न झाल्यापासूनचा रिवाज. नवऱ्याचं तोंड श्रोत्यांना आणि पाठ बायकोला. पण त्या पाठीवरूनच त्यांना सगळं कळे. मान ताठली की सूर चढणार, खांदे सैल सुटले की पद संपून गोष्ट सुरू होणार. देवाने ज्याला त्याला काही ना काही वाचायला दिलेलं असतं; मोहनाबाईंना ही पाठ दिली होती.

त्या रविवारी सकाळी निजामपुऱ्यातल्या मराठी मंडळाच्या दत्तमंदिरात सुदाम्याचं आख्यान लागलं होतं. वैशाखाचं ऊन मंडपाच्या कापडातून झिरपत होतं. माणसं मात्र दाटीवाटीने बसलेली. बडोद्याच्या आपल्या मंडळींना एरवी रोज गुजरातीत बोलावं लागतं, पण कीर्तनाला कान मराठीचेच लागतात. बोटं पेटीवर होती, तरी मोहनाबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जयवंतरावांनी रक्तदाबाची गोळी सोडून दिली होती.

गोळीने गुण दिला नव्हता असं नाही. दाब उतरला होता, डोकं ठणकायचं थांबलं होतं. पण तिने घशाला कोरडी ढास लावली. निरूपण रंगात यावं आणि नेमका खोकला यावा. रामनवमीला ऐन जन्माच्या वेळी आवाज फाटला, पाळण्याचं पद कसंबसं पार पडलं, आणि त्या संध्याकाळपासून गोळ्यांची पट्टी कपाटात पडली. मोहनाबाईंनी परोपरीने विनवलं. ढास न आणणारी दुसरी गोळी मिळते म्हणे, डॉक्टरांना सांगितलं तर बदलून देतील.

"डॉक्टरकडे गेलो की आधी मीठ सोडा म्हणेल, मग सेवउसळ, मग कीर्तन," जयवंतराव हसून म्हणाले. "काय काय सोडू, मोहना? वैशाखात बोलावणी फार आहेत. तो सरला की घेतो गोळी."

घराणं पागेतल्या शिलेदारांचं. घोडे गेले, संस्थान गेलं, रक्त तापट असल्याचा अभिमान तेवढा राहिला. सासरे धनाजीराव बोलता बोलता अंगणात कोसळले. थोरले दीर पन्नाशीही न गाठता तसेच गेले. दोन्ही वेळा घरात एवढंच बोललं गेलं की अंगावरून वारं गेलं. कानशिलं लाल होणं, डोक्याची शीर तडतडणं हा आजार असतो हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं; ती घराण्याची खूण मानली जाई. मोहनाबाईंनी आमटीतलं मीठ कमी केलं, पानाच्या टोकाला वाढणंही बंद केलं, तर बापलेक दोघंही उठून स्वयंपाकघरातून मीठ घेऊन येऊ लागले. मुलगा पृथ्वीराज छाणीकडे एका कारखान्यात होता. तिथल्या तपासणीत त्याचाही दाब चढलेला निघाला, तेव्हा बक्षीस मिळाल्यासारखा घरी येऊन म्हणाला, "आई, मी बाबांवर गेलोय." पुढे ना औषध, ना पाणी.

पूर्वरंग झाला, बुक्का लागला. उत्तररंगात सुदामा द्वारकेला पोहोचला. देवाने त्याचे पाय धुतले, विचारलं, वहिनींनी काय पाठवलंय, आणि सुदामा लाजून पोह्यांची पुरचुंडी लपवू लागला. इथे जयवंतरावांच्या उजव्या हातातल्या चिपळ्या खाली पडल्या. मंडपाला वाटलं, पुरचुंडी निसटल्याचा केवढा अभिनय! मग त्यांची वाणी अडखळली. 'देवा' हा शब्द ओठांतून धड बाहेर येईना. पुन्हा म्हटला, पुन्हा तसाच ओघळला.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कोणीतरी मागून 'वा, महाराज' म्हणालं. मोहनाबाईंनी ती पाठ पाहिली. उजवा खांदा उतरला होता. अशी ती कधी दिसली नव्हती, आणि त्यांना वाटलं, आज यांना देव भेटला. डोळे पुसून त्यांनी सूर धरला, तबलजीने ठेका दिला, आणि पुढचं पद श्रोत्यांनीच म्हणून पुरं केलं. आरतीही झाली.

मग माणसं पाया पडायला रांगेने येऊ लागली. जयवंतरावांना खुर्चीवर बसवलं होतं. एक तरुण बाई लेकराला घेऊन वाकली, आणि त्यांनी त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. डावा. दुसरं आलं, त्यालाही डावा.

जन्मभर नैवेद्याच्या ताटालासुद्धा डावा हात लागू न देणारा माणूस. मोहनाबाई पेटी तशीच उघडी टाकून धावल्या. त्यांनी नवऱ्याचा उजवा हात उचलला. तो ओल्या पंच्यासारखा परत मांडीवर पडला.

जवळच्या दवाखान्याला रविवारचं कुलूप. दुसऱ्या ठिकाणी डोक्याचा फोटो काढायची सोय नव्हती. अकोट्याच्या पुलावर गाड्या खोळंबलेल्या. मोठ्या इस्पितळात पोहोचेस्तोवर दुपार उलटायला आली होती. तिथली तरुण डॉक्टरीण गुजरातीत घाईघाईने विचारू लागली, हे सुरू कधी झालं?

"देवाने पुरचुंडी मागितली तेव्हा," मोहनाबाई म्हणाल्या.

"आंटी, टाइम कहो, टाइम."

घड्याळ कोणी पाहिलं होतं? पृथ्वीराजने आरतीपासून मागे मोजत जाऊन काहीतरी वेळ सांगितली. डोक्याचा फोटो पाहून डॉक्टरीण म्हणाली, आतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन आहे, ते पहिल्या काही तासांतच देता येतं, ती वेळही अजून थोडी शिल्लक आहे, पण दाब इतका चढलाय की आत्ता दिलं तर डोक्यात रक्त उतरेल. आधी दाब खाली यायला हवा. सलाइनमधून औषध सुरू झालं. मोहनाबाई यंत्रावरच्या हिरव्या आकड्याकडे बघत राहिल्या आणि नाम घेत राहिल्या. आकडा थोडा उतरे आणि परत चढे. शेवटी डॉक्टरीण आली, यंत्राकडे पाहिलं, आणि तिने हळूच नकारार्थी मान हलवली. वेळ गेली होती.

संध्याकाळी मंडळाची माणसं प्रसाद घेऊन आली. सेक्रेटरी जाधवांचे डोळे अजून पाणावलेले होते. म्हणाले, "वहिनी, असं कीर्तन मंडळात झालं नाही. साक्षात सुदामा उभा केला." मोहनाबाईंनी प्रसादाला हात पुढे केला. आपणही तेव्हा हेच म्हणालो होतो मनात, हे त्यांना कोणाला सांगता येईना. पलंगावरून जयवंतराव काहीतरी बोलू पाहत होते. ओठ एकीकडे ओढले जात, आणि नुसता घोगरा आवाज येई. त्या जवळ वाकल्या. पाणी? देव? घर? प्रत्येक वेळी त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं, आणि मग दमून भिंतीकडे तोंड फिरवलं.

पृथ्वीराज कोपऱ्यातल्या स्टुलावर डोकं दाबून बसला होता. कानशिलं लाल झालेली. नर्सने जाता जाता त्याच्याही दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तुम्ही खाली डॉक्टरांना दाखवा, आत्ताच, ती म्हणाली.

"आज टेन्शन आहे म्हणून असेल," तो उठत म्हणाला.

मोहनाबाईंनी त्याचा हात धरला. "पृथ्वी, माझ्यासाठी जा रे. मी पाया पडते तुझ्या."

"आई, बाबा असे पडलेत आणि तू माझं काय घेऊन बसलीस? सकाळपासून पोटात काही नाही. खाली लारीवर खाऊन येतो." त्याने मायेनेच हात सोडवून घेतला.

त्यांना त्याच्यामागे जायचं होतं. पण पलंगावरून डाव्या हाताने त्यांचा पदर घट्ट धरला गेला होता. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मुलाची पाठ जिन्याकडे वळून दिसेनाशी झाली.