लीजची गाडी आणि सावळघाट

तृप्ती बोरस्ते पशुखाद्याच्या एका कंपनीत कामाला होती. पेठ, सुरगाणा आणि दिंडोरी तालुक्यांतली गावं तिच्याकडे होती. गोठ्यात जाऊन गाईगुरं बघायची, कुठल्या गाईला काय कमी पडतंय ते सांगायचं, महिन्यातून एकदा गावात बैठक घ्यायची, असं तिचं काम. कामापुरती आजवर कंपनी भाड्याची जीप पाठवायची. जीपबरोबर ड्रायव्हर यायचा, आणि तृप्ती पुढच्या सीटवर बसून फोनवर बोलत घाट ओलांडायची.

फेब्रुवारीत कंपनीनं ते बंद केलं. आता प्रत्येकाला लीजवर गाडी मिळणार होती. गाडी चार वर्षांसाठी, चालवायची आपली आपण. मॉडेल कंपनीनं ठरवूनच टाकलं होतं. फॉर्ममध्ये निवडायला एकच गोष्ट उरली होती, पेट्रोल की डिझेल. ऑफिसातल्या प्रतिभा मॅडमनी खाली लिहिलं होतं, ‘सोमवारी दुपारपर्यंत कळवा. नंतर चार वर्षं बदलता येणार नाही.’

नाशिकला हिरावाडीतल्या घरी मंगळवारी संध्याकाळी जेवताना तिनं हे सांगितलं आणि भाकरी मोडायच्या आत दोन पक्ष पडले.

“डिझेल,” तिचे सासरे म्हणाले. रंगनाथ बोरस्ते एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यातली बरीचशी नाशिक–पेठ मार्गावर. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. “घाटात ओढ लागते. पेट्रोलची गाडी म्हणजे सपाटीवरचा घोडा.”

“नाना, ते दिवस गेले,” तिचा नवरा अमित म्हणाला. तो अंबडला एका कारखान्यात होता. “आता डिझेल गाड्यांना धुराचा फिल्टर असतो. शहरात जवळच्या जवळ फिरवली की तो चोंदतो. मग साफ व्हायला गाडी लांब पळवून आणावी लागते.”

“मग पेठला जातेच की ती. साफच होणार.”

“रोज कुठं जाते? आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, कधी देवळाली कॅम्पची डेअरी. आणि द्वारका चौकातल्या सिग्नलवर अर्धा तास उभी.”

“उभी राहिली म्हणून काय झालं? आमच्या गाड्या उभ्या राहत नव्हत्या?”

बुधवार गेला, गुरुवार गेला. दोघांचं रोज नवीन काहीतरी निघायचं. तृप्ती दोघांचं ऐकून घ्यायची आणि फॉर्म तसाच ठेवायची. खरी अडचण वेगळी होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिच्याकडे लायसन्स आठ वर्षांपासून होतं. अमितची गाडी ती भाजीबाजारात न्यायची, मुलीच्या शाळेत न्यायची. पण घाटात तिनं एकदाही स्टिअरिंग हातात घेतलं नव्हतं. डिझेल असो नाहीतर पेट्रोल, त्या वळणांवर ती एकटीच असणार होती.

शुक्रवारी सकाळी नाना अंगणात स्कूटर पुसत बसले होते. ती चहा घेऊन गेली आणि तिथंच पायरीवर बसली.

“नाना, मला घाट येत नाही.”

नानांनी फडकं खाली ठेवलं. ती वाट बघत होती की ते हसतील, नाहीतर डिझेलचं पुन्हा सुरू करतील.

“मग हे आधी नाही का सांगायचं,” ते म्हणाले. “उद्या सुट्टी आहे ना तुला? उद्या पेट्रोलवर जाऊ, परवा डिझेलवर. चालवून बघ आणि मग ठरव. आम्ही दोघं उगाच घसा कोरडा करतोय.”

गाड्यांची सोय त्यांनी एका फोनवर केली. देवराम नावाचे त्यांचे जुने कंडक्टर आता पर्यटकांना गाड्या भाड्यानं द्यायचे. कंपनीचं होतं तेच मॉडेल त्यांच्याकडे दोन्ही प्रकारांत होतं.

शनिवारी सकाळी नऊला तृप्तीनं पेट्रोलची गाडी पेठ रोडला घेतली. नाना शेजारी, अमित मागे. अमितला ‘तोंड उघडायचं नाही’ या अटीवर घेतलं होतं. सपाटीवर गाडी अशी गुळगुळीत चालली होती की इंजिन सुरू आहे का, हे तिला काट्याकडे बघून कळत होतं. अमितनं मागून एकदा घसा खाकरला, तेवढंच.

सावळघाटात पहिली चार-पाच वळणं ठीक गेली. नाना फक्त “आता तिसरा” किंवा “हॉर्न दे” म्हणायचे. मग एका चढावर पुढचा भाताच्या पेंढ्याचा ट्रक थांबला. तृप्तीनं ब्रेक दाबला. ट्रक निघाला, तिनं क्लच सोडला आणि गाडीला एक गचका बसून इंजिन बंद पडलं. मागे जीप होती. जीपवाल्यानं हॉर्न वाजवला.

तिनं पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. गाडी मागे सरकत नव्हती, एवढी सोय तिच्यात होती. तिसऱ्यांदाही बंद पडली तेव्हा तिनं नानांकडे पाहिलं.

“तुम्ही घ्या.”

“मी नाही घेणार,” नाना शांतपणे म्हणाले. “जीपवाल्याला वाजवू दे, त्याला दुसरं काम नाही. हँडब्रेक ओढ, सुरू कर. आता आधी थोडं पेट्रोल दे. आवाज वाढू दे. घाबरू नको, अजून दे. आता क्लच हळू सोड. हळू. आता हँडब्रेक सोड. झालं.”

गाडी निघाली. वळण पार करून ती वर आली तेव्हा तिचे खांदे दुखत होते. रस्त्याकडेला पत्र्याचं एक चहाचं दुकान दिसलं. तिनं न विचारताच गाडी तिथं घेतली.

दुकानात एक म्हातारी उकडलेल्या शेंगा पाटीत ओतत होती. तिनं नानांना पाहिलं, डोळे बारीक केले आणि कमरेवर हात ठेवला.

“पेठ गाडीचा डायवर ना तू?”

“साळूबाई,” नाना म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम पडला, हे तृप्तीच्या लक्षात आलं.

“ही कोन?”

“सूनबाई. घाट शिकतेय. आत्ता खाली गाडी बंद पडली तिची.”

“मंग काय झालं?” साळूबाई तृप्तीकडे वळली. “ह्याची तं बस बंद पडली व्हती, पयल्याच दिशी. भरलेली गाडी, म्हैना श्रावन. चालू व्हईना का काय व्हईना. त्या कंडक्टरनं चाकामागं दगडं लावली नि आमाला खाली उतरवलं. माझ्या डोईवर कोंबड्यांची पाटी. समदी मान्सं चढ चढून वर आली, नि मागून हा रिकामी गाडी घेऊन.”

अमितनं चहाचा ग्लास खाली ठेवला. “नाना?”

“चार दिवस आमी याला इचारायचो,” साळूबाई म्हणाली. “आज बसायचं का चालायचं?”

तृप्तीला हसू आवरेना. नाना आधी रस्त्याकडे बघत राहिले, मग तेही हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“देवरामनं सतरा वर्षं माझ्याबरोबर काढली,” ते म्हणाले. “डेपोत कुणाला बोलला नाही तो. आणि ही बाई पाच मिनिटांत बोलली.”

“मला कोन म्हनलं का नको बोलू?” साळूबाईनं त्यांच्या हातात शेंगांचा पुडा ठेवला. “तवा किती वर्साचा व्हतास तू? माझ्या भावायेवढा. मला तं दयाच आली व्हती.”

परतताना नाना म्हणाले, आता मी चालवतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण घाटात त्यांनी निवृत्तीनंतर गाडी घातली नव्हती. ते सावकाश चालवत होते. काच खाली केली होती. निम्मा घाट झाल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली.

“काय झालं?” अमितनं विचारलं.

“खालच्या दरीत पाणी वाहतंय,” नाना म्हणाले. “आवाज येतोय बघ. एकतीस वर्षं इथून गेलो, मला हा आवाज माहीतच नव्हता. आमचं इंजिन पायाशी घरघरायचं ना.”

रविवारी डिझेलची गाडी. तृप्तीला रात्री बरी झोप लागली होती. त्याच चढावर आज पुढे कुणीच नव्हतं, म्हणून तिनं स्वतःच गाडी थांबवली. मग निघाली. फार काही दाबावं लागलं नाही. गाडीनं कमी आवाजातच चढ धरला, एखाद्या तयार बैलानं जुवाला मान द्यावी तसा. तिनं पुढच्या चढावर पुन्हा थांबून बघितलं. कोटंबीच्या घाटात तिसऱ्यांदा.

“किती वेळा थांबणार?” अमित म्हणाला.

“मला आवडतंय,” ती म्हणाली.

रात्री जेवताना नानांनी विषय काढला. “मी काय म्हणतो, पेट्रोलच घे. शांत गाडी आहे. डोकं दुखत नाही.”

“छे,” अमित म्हणाला. “डिझेल. मी मागे बसलो होतो ना दोन्ही दिवस. आज ती एकदाही घाबरली नाही. फिल्टरचं काय, आठवड्यातून तीनदा घाटात जाते, तो कशाला चोंदतोय?”

“पण देवळाली कॅम्प? आणि द्वारकेचा सिग्नल?”

“उभी राहिली म्हणून काय झालं?”

ते दोघं एकमेकांचेच मुद्दे घेऊन तासभर भांडले. तृप्तीनं मुलीला झोपवलं, लॅपटॉप उघडला आणि डिझेलवर खूण करून फॉर्म पाठवून दिला. बाहेर येऊन तिनं तसं सांगितलं.

“डिझेल ना? मी मंगळवारीच म्हणालो होतो,” नाना म्हणाले आणि ताटावरून उठले.

गाडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आली, पांढरी. पहिल्या फेरीला नाना बरोबर यायला निघाले होते, चप्पलसुद्धा घातली होती. तृप्ती म्हणाली, “आज मी एकटी जाते. शनिवारी तुम्हाला नेते.” त्यांनी मान हलवली आणि फाटक उघडून धरलं.

घाटात तिनं दोनदा चुकीचा गिअर टाकला. एका वळणावर समोरून बस आली तेव्हा ती फार आधी थांबली, आणि बसच्या ड्रायव्हरनं जाताना तिला हात केला. साडेदहाला ती पेठच्या पुढच्या गावात पोचली. समाजमंदिरापुढे वीस-पंचवीस माणसं जमली होती. गावचे बहिरू गावित पुढे आले, गाडीत डोकावले, मागची सीटही बघितली.

“मॅडम, डायवर कुठं हाय? त्याला बी चहा देतो ना.”

“मीच ड्रायव्हर,” तृप्ती म्हणाली. “दोन कप आणा.”