नॉर्बर्टची बाजू

पडद्यावर नॉर्बर्टचा लग्नातला फोटो अर्धाच उमटला आणि तिथंच थिजला. नाकाखाली नुसता निळा रंग. त्यावर एक चक्र गरगरायला लागलं आणि अक्षरं आली: कृपया संगणक बंद करू नका.

नॉर्बर्टच्या अंत्यविधीला सगळं चर्च माना खाली घालून बसलं होतं. पहिल्या बाकावरच्या आर्लिसनं नवऱ्याचा तो अर्धा चेहरा पाहिला आणि तिला हसू फुटलं. पास्टरबाईंना वाटलं, हुंदका. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

संगणक डेलमरचा होता. विमा एजंट डेलमर आणि शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा नॉर्बर्ट, दोघं दर शनिवारी आर्लिसच्या स्वयंपाकघरात बसून एकाच गोष्टीवरून भांडत आले होते: कोणाची ऑपरेटिंग सिस्टीम भरवशाची? डेलमरची दुकानातून विकत आणलेली, अगडबंब. नॉर्बर्टची हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, फुकटची, एवढीशी.

"तुझी म्हणजे दूध आणायला ट्रक काढायचा," नॉर्बर्ट म्हणायचा.

"आणि तुझी सायकल. चेन रोज आपणच बसवायची," डेलमर म्हणायचा.

प्रार्थना आटोपली, तळघरात जेवणं सुरू झाली. डेलमर हॅमचा पाव हातात तसाच धरून आर्लिसपाशी आला. डोळे लाल झालेले.

"आर्लिस, हरलो मी. त्याचंच खरं होतं. आज सगळ्या गावादेखत माझी सिस्टीम..."

"गप्प बस!"

मागे सांत्वनाला उभी असलेली माणसं दचकली.

"अगं, मी कबूल करतोय."

"तेच नको करूस. तो होता तोवर एकदा तरी केलंस? नवरा गेला माझा, डेलमर. आता भांडणही नेतोस?"

डेलमरनं पाव बशीत ठेवला. मग म्हणाला, "तसं म्हटलं तर... त्याच्या सिस्टीमवर प्रिंटर कधी धड चालला?"

"चालला होता की!"

"एकदा. नाताळात. तेही उलटं छापून."

"मोठी सिस्टीम म्हणजे मोठा घोळ. जितक्या प्रोग्रामच्या ओळी जास्त, तितक्या चुका जास्त!" कपबशा विसळताना कानावर पडलेलं सगळं आर्लिसच्या तोंडून आपसूक बाहेर पडत होतं. निम्म्याचा अर्थही तिला ठाऊक नव्हता.

"आणि सोयी? त्या नाही दिसत?"

"तुला काय करायच्यात सोयी? दिवसभर पत्ते तर खेळतोस त्याच्यावर!"

रांग एव्हाना जिन्यापर्यंत गेली होती. पास्टरबाई हळूच म्हणाल्या, "आर्लिस, लोक थांबलेत."

"थांबू देत जरा," आर्लिस म्हणाली. काळ्या झग्याच्या बाह्या वर सारून ती डेलमरसमोर खुर्ची ओढून बसली.