चैत्रालीच्या कमरेचं रबरी पिस्तूल

घाबरू नका मित्रांनो, मी उडत नाही! आजवर माझ्यातून एकही गोळी सुटलेली नाही आणि पुढेही सुटणार नाही. मी नखशिखांत रबराचा आहे. माझ्या नळीला भोक आहे तेसुद्धा नावापुरतं, बोटाच्या पेराएवढं खोल. होय, मी एक जुनं, नकली, सिनेमातलं पिस्तूल आहे. पण म्हणून मला कमी लेखू नका हं! मी छपरांवरून पडलो आहे, तलावात बुडलो आहे, चोरांच्या खिशातून पोलिसांच्या खिशात गेलो आहे. आणि या सगळ्यात मी पाहिली आहेत माणसं! कोण तोंडाने काय म्हणतं आणि हाताने काय उचलतं, याचा हिशेब मनाशी मांडून ठेवायची मला भारी हौस. त्या हिशेबातली सगळ्यात रंगलेली गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कॅनडातल्या बर्नाबीचा. व्हँकूवरला खेटून असलेल्या या शहरात सिनेमे आणि मालिका तयार होतात. तिथल्या एका कार्यशाळेत एका खऱ्या पिस्तुलाचा साचा काढला, त्यात पातळ रबर ओतलं, ते घट्ट झालं आणि मी टपकन बाहेर पडलो. मग मला काळा रंग दिला. कडांवर चंदेरी रंग घासला, म्हणजे वापरून वापरून झिजल्यासारखं दिसावं. बघा गंमत, माझं म्हातारपण मला जन्माच्या दिवशीच रंगवून मिळालं!

सुरुवातीची वर्षं मोठ्या धामधुमीची गेली. मी अंगाने बारीक आणि हलका, त्यामुळे पळापळीच्या प्रसंगात मलाच बोलावणं यायचं. लांबून कोणाला खरं-खोटं कळायचं नाही. एकदा तर नव्या आलेल्या शिकाऊ कॅमेरामनने मला टेबलावर पाहून दोन्ही हात वर केले होते! तेव्हा माझी छाती फुगली असती, पण भरीव रबर फुगत नाही.

पुढे एका मालिकेत पोलिसी कुत्र्याचं काम करणाऱ्या दांडग्या कुत्र्याने मला हाड समजून चावलं. माझ्या मुठीवर त्याचे दात कायमचे उमटले. त्या दिवसापासून माझी रवानगी मोडक्या वस्तूंच्या खोक्यात झाली. हे खोकं टेबलाखाली असायचं. त्याचं झाकण नीट लागत नसे, तेवढंच माझं नशीब. त्या फटीतून मी जग बघायचो. वरच्या टेबलावर नवी, चकचकीत पिस्तुलं मांडली जायची आणि लोक त्यांना हात लावून "वॉव" म्हणायचे. मला मात्र कोणी विचारत नव्हतं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. या देशात साध्यासुध्या माणसाला पिस्तूल कमरेला लपवून रस्त्यात हिंडता येत नाही. आमच्यासारख्या नकली पिस्तुलांनाही मोकळं सोडत नाहीत. आमचा सांभाळ निमिष करतो. कोक्विटलाममध्ये लहानाचा मोठा झालेला हा मुलगा काम संपलं की आम्हा सगळ्यांना मोजून कुलपात घालतो. मोडक्यांनासुद्धा, बरं का!

आमच्या त्या सामानाच्या खोलीत एका सकाळी चैत्राली आली.

चैत्राली मूळची नागपूरची. पोटापाण्यासाठी बर्नाबीत सॉफ्टवेअरची नोकरी, आणि जीव सगळा नाटकात. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांत ती गाजलेली होती. इथल्या मालिकांत मात्र तिला आजवर एकच प्रकारचं काम मिळालं होतं, दार उघडायचं आणि 'ही इज नॉट होम' म्हणायचं. आता पहिल्यांदाच मोठी भूमिका समोर आली होती. गुप्त पोलिसाची! ही पोलीस एका मराठी काकूंच्या बेसमेंटमध्ये भाडेकरू म्हणून राहते. तिच्या कमरेला रोज पिस्तूल असतं आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो.

दिग्दर्शक बाईंनी अट घातली होती. आज काकूंबरोबरचा एक प्रसंग करून दाखवायचा. पिस्तूल खरोखर अंगावर लपवायचं. सबंध प्रसंगात ते दिसलं, किंवा चैत्रालीचा हात एकदा जरी तिकडे गेला, तर भूमिका टोरांटोहून आलेल्या दुसऱ्या मुलीला. ती मुलगी बाहेर कॉफी पीत बसलेलीच होती.

"निमिष, लवकर दाखव रे! आत्ता बोलावतील मला," चैत्राली म्हणाली.

"रिलॅक्स. तुझं कॅरेक्टर हे रोज कॅरी करतं," निमिषने टेबलावरचं कापड बाजूला सारलं. "बसमध्ये, ऑफिसात, ग्रोसरी आणताना. सो दिसायला कूल नको, दिवसभर सहन होईल असं घे."

"हो हो, कळलं," असं म्हणून चैत्रालीने सगळ्यात मोठं आणि सगळ्यात चकचकीत पिस्तूल उचललं!

खोक्यात मी गालातल्या गालात हसलो. माणसं अशीच. दुकानात म्हणणार, 'रोज नेसायला साधी साडी दाखवा,' आणि हात जाणार जरीच्या काठावर.

"आई गं, काय दिसतंय हे! हेच!"

"ते मोठं आहे, चैत्राली. खरं असतं तर गोळी सुटताना मोठं हातात स्टेडी राहतं, छोटं जास्त उसळतं. बट लपवायला मोठं म्हणजे प्रॉब्लेम. मधलं काही बघ ना. रिव्हॉल्व्हर?"

तिने रिव्हॉल्व्हर कुर्त्याच्या आत, कमरेपाशी खोचून आरशात पाहिलं. त्याचं मधलं गोल पोट कुर्त्याखालून वर आलं.

"अरे, मी मोदक चोरून नेतेय असं वाटतंय!"

झालं, रिव्हॉल्व्हर बाद. पुन्हा तो मोठा ढबू आला. निमिषने तो होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात घातला आणि तिच्या पाठीमागे कमरपट्ट्याच्या आत अडकवला. वरून सैल कुर्ता. मग परीक्षा सुरू झाली. चालून दाखव. बसून दाखव. वरच्या फळीवरचा डबा काढ. खाली ठेवलेली ग्रोसरीची पिशवी उचल. चैत्राली गुडघे वाकवून बसली, पिशवी घेऊन उठली. काही दिसलं नाही.

"परफेक्ट," निमिष म्हणाला. "फक्त हात लावू नकोस. विमानतळावर लोक पासपोर्ट चाचपतात तशी चाचपतेयस."

"टोचतंय रे ते! बसलं की पाठीत घुसतं."

"मग बदल."

"नाही, दिसतं भारी!"

आता सांगा, कमरेमागे कुर्त्याखाली लपलेली वस्तू भारी दिसते म्हणजे कोणाला दिसते? पण मला विचारतो कोण!

एवढ्यात दार उघडलं आणि चित्राकाकू आत आल्या. घरमालकिणीची भूमिका त्याच करणार होत्या. काकू ओटावाच्या निवृत्त डॉक्टर. जन्म बाळंतपणं करण्यात गेला, आता लेकाजवळ राहायला आल्या आणि हौसेने मालिकांत कामं करतात. मंडळातली ओळख, वयाचा मान. काकूंना पाहताच चैत्रालीच्या डोक्यातून पोलीस, परीक्षा, सगळं उडालं. ती झटकन पुढे झाली आणि सवयीने कमरेत वाकून तिने काकूंच्या पायांना हात लावला.

कुर्ता पाठीवर ताणला गेला. त्याखाली पिस्तुलाची मूठ डोंगराच्या सुळक्यासारखी उभी राहिली!

"यशस्वी हो!" म्हणत काकूंनी पाठीवर हात ठेवला, आणि तो तिथेच थांबला. "अगं, हे काय? थांब, हलू नकोस. गाठ आहे का?" त्यांची डॉक्टरी बोटं चाचपू लागली. "फारच कठीण लागतेय. दुखतं का गं?"

"काकू, पिस्तूल आहे ते!" चैत्राली वाकलेल्या अवस्थेतूनच ओरडली.

"अगो बाई!"

निमिषने कपाळावर हात मारला. "ओह नो. मी सगळं टेस्ट केलं होतं. खाली वाकणंसुद्धा! ग्रोसरी उचलून बघितली ना आपण!"

"ग्रोसरीच्या पाया पडतं का रे कोणी?" काकू म्हणाल्या.

चैत्राली सरळ झाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी वाकणारच नाही. नमस्कारच करणार नाही."

"प्रसंगात मी देवापुढे दिवा लावते आहे," काकूंनी आठवण करून दिली. "तू समोर ताठ उभी राहशील? तुझी कंबर ऐकेल तुझं?"

"नाही ऐकणार. आत्ता तरी कुठे ऐकली!"

बाहेरून हाक आली, तयार राहा. निमिष घाईने टेबल धुंडाळू लागला. चैत्रालीने मात्र डोळे मिटले, आणि एकदम उघडले. "निमिष, मंडळाच्या नाटकात मी नऊवारी नेसून फुगडी घातली होती. माईकचा एवढाला डबा अंगावर होता, कोणालाही दिसला नाही. कुठे लावला होता सांगू? कनवटीला! पुढे, पोटाच्या बाजूला, जिथे बायका पूर्वी किल्ल्या खोचायच्या तिथे. वाकलं की पुढचा कपडा अंगापासून सुटतो, मागचा ताणतो. मला पुढे लावायला दे. पण बारीक हवं, नाहीतर वाकताना पोटात घुसेल."

"बारीक नाहीये गं टेबलावर."

"टेबलाखाली?"

झाकण उघडलं! उजेड! चैत्रालीचा हात खाली आला आणि मी वर गेलो. मित्रांनो, माझ्यात हृदय असतं तर त्याचे ठोके स्टुडिओभर ऐकू आले असते.

"ते नको," निमिष म्हणाला. "त्याला कुत्र्याने चावलंय. रंगही गेलाय."

"अरे, लपवायचंच आहे ना! कुत्र्याचे दात माझ्या कुर्त्याखाली कोण मोजणार?"

शाबास! इतका वेळ डोळ्यांनी निवडणारी मुलगी आता कमरेने निवडत होती. तिने मला पुढे, उजव्या बाजूला, जरा तिरपं लावून घेतलं. बसली, उठली, वाकली. मी पोटाच्या वळणात गुपचूप मावलो. शेवटी तिने काकूंचे हात धरले आणि दोघींनी तिथल्या तिथे अर्धी फुगडी घातली.

"हे अंगावर आहे हेच मला विसरायला होतंय," चैत्राली म्हणाली.

"देन दॅट्स द वन," निमिष म्हणाला.

प्रसंग सुरू झाला. कॅमेऱ्यामागे दिग्दर्शक बाई टक लावून बसल्या होत्या. काकूंनी दिवा लावला. चैत्राली बेसमेंटच्या जिन्यावरून वर आली, देवासमोर वाकली, मग काकूंच्या पाया पडली. कुर्ता पुढे सुटला, मी त्याच्या सावलीत निवांत. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

आणि मग काकूंना काय झालं कोण जाणे! भूमिकेत इतक्या रंगल्या की लिहिलेलं सोडून म्हणाल्या, "एकटी राहतेस गं परक्या देशात. ये, जवळ ये." आणि दोन्ही हात पसरून त्या मिठी मारायला पुढे आल्या!

मी गारठलो. मिठी पडली की काकूंच्या पोटाला मी लागणार. काकू दचकणार, कुर्ता सरकणार, सगळं उघड! चैत्रालीच्या पोटाचे स्नायू माझ्याभोवती आवळले. तिचा उजवा हात निघाला, सरळ माझ्याकडे. अगं, नको! मला झाकू नकोस! तू झाकलंस की मी दिसलो! हात हवेत क्षणभर थांबला, तसाच पुढे गेला आणि त्याने देवापुढच्या वाटीतला बेसनाचा लाडू उचलला.

"आधी तुम्ही," म्हणत चैत्रालीने तो काकूंच्या तोंडात घातला, आणि त्यांना डाव्या कुशीत ओढून घेतलं. मी उजवीकडे, मोकळा! काकू तोंड भरून हसत होत्या, लाडवाचा चुरा साडीवर सांडत होता.

"कट!"

दिग्दर्शक बाई उठून आल्या. चेहरा गंभीर. त्यांनी चैत्रालीभोवती एक फेरी मारली.

"आय ॲम डिसअपॉइंटेड," त्या म्हणाल्या. "पिस्तूल लावून ये म्हणून सांगितलं होतं. तू लावलंच नाहीस. वाकलीस, मिठी मारलीस, रिकाम्या कमरेने कोणीही करेल ते."

चैत्रालीने निमिषकडे पाहिलं. निमिष पुढे आला, तिने कुर्त्याची कड उचलली आणि त्याने मला अलगद बाहेर काढून हातावर धरलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कुत्र्याच्या दातांकडे पाहिलं. मग अशा मोठ्याने हसल्या की बाहेर कॉफी पिणारी ती मुलगी दारातून डोकावली. "द पार्ट इज युवर्स," बाई म्हणाल्या. चैत्रालीने किंकाळी फोडली आणि काकूंना अशी मिठी मारली की उरलेला लाडूही सांडला.

तेव्हापासून मी कामावर आहे! निमिष मला नवा रंग देणार होता, पण चैत्रालीने देऊ दिला नाही. मालिकेत मी रोज असतो आणि एकदाही दिसत नाही. आजवरच्या माझ्या कामात सगळ्यात मोठं हेच.

मित्रांनो, आता तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या घरातही कुठेतरी असं खोकं असेल, ज्यात चरे पडलेल्या, टवके उडालेल्या वस्तू पडून असतील. नवीन आणायच्या आधी त्यात एकदा हात घालून बघा. पण कधी, कुठेही, माझ्यासारखं पिस्तूल पडलेलं दिसलं, तर मात्र हात लावू नका. ते खरं आहे की खोटं, हे पाहायला जवळही जाऊ नका. तिथून निघा आणि मोठ्यांना सांगा. निमिषला विचारा, तो आम्हाला कित्येक वर्षं ओळखतो. तरीही रोज संध्याकाळी मला कुलपात ठेवताना तो माझी नळी जमिनीकडेच धरतो.